आधी सायकल काढा : चित्र काढण्यावर संशोधन कशाला करायचं?

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं थोडी नीट करून घेतली आहेत, बाकी सगळं ऐकवलं तसंच आहे.)



आज सुरुवातीलाच तुम्हाला एक काम देणार आहे. लोकलमध्ये लटकत असाल तर राहू द्या. पण कुठे निवांत बसला असाल तर एक कागद घ्या, पेन घ्या आणि एक सायकल काढा. मनाने. मोबाईलवर फोटो शोधायचा नाही, खिडकीतून खाली पार्किंगमध्ये डोकवायचं नाही. दोन चाकं, हँडल, सीट, पायडल, चेन, मधली फ्रेम. एवढंच. दोन मिनिटं देते. हा भाग थांबवा आणि काढा.

काढली? आता बघा. चेन कुठून कुठे गेलीये? पायडल कशाला जोडलंय? आणि फ्रेमची एखादी दांडी थेट पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत गेलीये का? गेली असेल तर तुमची सायकल वळणार नाही. ती फक्त सरळ जाईल, पहिल्या वळणावर गटारात!

हसू नका, ही चूक फक्त तुमची नाही. २००६ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या रेबेका लॉसन यांनी हाच प्रयोग केला. लोकांना अर्धवट काढलेली सायकल दिली आणि पुरी करायला सांगितली. कुणी चेन दोन्ही चाकांभोवती गुंडाळली. कुणी पुढचं आणि मागचं चाक एकाच दांडीने बांधून टाकलं. सायकल वापरणाऱ्यांच्या चुका कमी होत्या, पण त्यांच्याही झाल्याच. रोज डोळ्यासमोरून जाणारी वस्तू! आणि विचारलं असतं, 'सायकल कशी असते माहितीये का?' तर सगळ्यांनी 'हो' म्हटलं असतं.

आजचा विषय हाच आहे. चित्र काढणं. म्हणजे प्रदर्शनात लागतं ते चित्र नाही, तर रेघ मारण्याची क्रिया. त्यावर जगात गंभीरपणे संशोधन चालतं. विद्यापीठांत विभाग आहेत, परिषदा होतात, वादावादी होते. मला आज असं म्हणायचंय की या संशोधनाची आणि या वादावादीची आपल्याला, मराठी बोलणाऱ्यांना, फार गरज आहे. आणि कच्चा माल आपल्याकडे ढीगभर पडलाय.

हात बिचारा निर्दोष आहे

'माझं ड्रॉईंग खराब आहे.' हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हटलंय? मी तर सातवीत एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाल्यापासून म्हणतेय. आणि म्हणताना आपण काय करतो? हाताकडे बघतो. जणू हातच वाकडा आहे.

१९९७ साली डेल कोहेन आणि सुझन बेनेट या दोन अमेरिकन संशोधकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. बहुतेक लोकांना समोर दिसतं ते कागदावर का काढता येत नाही? त्यांनी संशयितांची यादीच केली. एक, हात नीट चालत नाही. दोन, काय काढायचं आणि काय सोडायचं हे ठरवता येत नाही. तीन, आपण कागदावर जे काढलंय तेच आपल्याला नीट दिसत नाही. चार, समोरची वस्तूच आपण चुकीची बघतो.

मग एकेकाला तपासलं. हाताचं बघा. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून ट्रेस करायला दिलं, तर ज्यांना 'ड्रॉईंग येत नाही' तेही बऱ्यापैकी ट्रेस करतात. म्हणजे हात चालतो! असं करत करत सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला चौथा. आपण वस्तू बघतो ती आपल्याला 'माहीत असते' तशी, दिसते तशी नाही. टेबलाचा वरचा भाग चौकोनी असतो हे डोक्याला माहीत आहे, म्हणून आपण तो चौकोनीच काढतो. समोर बसलेल्याच्या डोळ्यांत तो तिरका, दबलेला दिसत असला तरी.

याच कोहेन यांनी २००५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. चांगलं काढणारे लोक वस्तूकडे जास्त *वेळा* बघतात. खूप वेळ टक लावून नाही. एक नजर वर, एक रेघ खाली, परत नजर वर. नवखा माणूस काय करतो? एकदा भरपूर बघून घेतो आणि मग मान खाली घालून पाच मिनिटं काढत बसतो. तोपर्यंत डोळ्यातलं चित्र गेलेलं असतं आणि डोक्यातलं 'माहीत असलेलं' चित्र त्याच्या जागी येऊन बसतं.

आता विचार करा, शाळेत आपल्याला कुणी हे सांगितलं होतं का? 'बाळा, तू वर कमी वेळा बघतोयस.' एवढं एक वाक्य! त्याऐवजी आपल्याला काय मिळालं? ग्रेड. आणि आपण आयुष्यभर हाताला दोष देत बसलो.

चंद्राची भानगड

पुढची गोष्ट थोडी जुनी आहे, पण मला फार आवडते.

साल १६०९. लंडनजवळ थॉमस हॅरियट नावाचा गणितज्ञ. त्याच्याकडे दुर्बीण आली होती, साधारण सहा पट मोठं दाखवणारी. तिथल्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे २६ जुलैला त्याने दुर्बिणीतून चंद्र बघितला आणि त्याचं चित्र काढलं. गॅलिलिओच्या काही महिने आधी! पण चित्रात काय आहे? उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वेडीवाकडी रेघ, काही डाग. बस.

त्याच वर्षाच्या शेवटी इटलीत पादुआला गॅलिलिओने चंद्र बघितला. त्याने त्या डागांत डोंगर बघितले, खड्डे बघितले. अंधाऱ्या भागात चमकणारे ठिपके म्हणजे डोंगराची शिखरं आहेत, ऊन आधी त्यांच्यावर पडतं, हे त्याने ओळखलं. त्याची पाण्याच्या रंगातली चंद्राची चित्रं बघा, सावल्या इतक्या नीट आहेत की खड्ड्याची खोली जाणवते. मार्च १६१० मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यानंतर हॅरियटने काढलेल्या चंद्रात खड्डे दिसायला लागले. चंद्र तोच!

असं का झालं? इथे खरी वादावादी सुरू होते. सॅम्युअल एजर्टन नावाच्या कला-इतिहासकाराने म्हटलं, गॅलिलिओ वाढला फ्लोरेन्सच्या वातावरणात. तिथे छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन हे शिक्षणाचा भाग होते. सावली बघून आकार ओळखायची सवय त्याच्या डोळ्यांना होती. पुढे १६१३ मध्ये फ्लोरेन्सच्या रेखनकलेच्या अकादमीने त्याला सदस्यही करून घेतलं. म्हणजे चित्रकलेच्या शिक्षणाने खगोलशास्त्राला डोळे दिले.

पण दुसरी बाजू म्हणते, थांबा. गॅलिलिओची दुर्बीण वीस पट मोठं दाखवत होती, हॅरियटची सहा पट. मग फरक डोळ्याचा की काचेचा? आणि हॅरियटने बघितलं तेव्हा चंद्राची कला कोणती होती, सावल्या किती लांब होत्या, हे नको का बघायला?

मला या वादाचा निकाल सांगायचा नाहीये. मुद्दा असा की 'चित्रकला शिकल्याने काय फायदा?' या आपल्या घरातल्या, जेवणाच्या टेबलावरच्या प्रश्नाला हे लोक पुरावे घेऊन भिडतात. दोन्ही बाजूंनी. आपल्याकडे याच प्रश्नावर दोनच उत्तरं मिळतात. एक, 'त्यात करिअर नाही.' दोन, 'कला म्हणजे आत्म्याचा आविष्कार!' दोन्ही ऐकून पुढे काहीच कळत नाही.

वाईट काढलं तरी चालतं

आता तुमच्यातले जे परीक्षेचा अभ्यास करतायत त्यांच्यासाठी. २०१६ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जेफ्री वॅम्स, मेलिसा मीड आणि मायरा फर्नांडिस यांनी एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना साधे शब्द दिले, सफरचंद वगैरे. काही शब्द परत परत लिहायचे, काहींचं चित्र काढायचं. चाळीस-चाळीस सेकंद. नंतर अचानक विचारलं, कोणकोणते शब्द आठवतायत? चित्र काढलेले शब्द लिहिलेल्यांपेक्षा बरेच जास्त आठवले. वेळ चार सेकंदांवर आणली तरी फायदा टिकला.

आणि सगळ्यात गोड भाग हा की चित्र चांगलं असण्याशी याचा संबंध नव्हता. घाणेरडं सफरचंद काढलं तरी सफरचंद आठवलं!

त्यांचं म्हणणं असं की काढताना तीन गोष्टी एकदम होतात. त्या वस्तूचा अर्थ मनात आणावा लागतो, हात हलतो आणि डोळ्यांसमोर चित्र तयार होतं. तिन्ही मिळून आठवण पक्की बसते. अर्थात शब्दांच्या यादीवरचा प्रयोग म्हणजे अख्खं एमपीएससीचं पुस्तक नव्हे. 'चित्र काढा आणि टॉपर व्हा' असं कुणी रीलमध्ये सांगितलं तर पुढे ढकला. पण शरीरशास्त्राची आकृती नुसती बघण्यापेक्षा पुस्तक मिटून एकदा वेडीवाकडी काढून बघायला काय हरकत आहे? कुठे अडलात तेही कळेल, सायकलसारखं.

अजिंठ्यातली पोरं

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्लंड, अमेरिका, कॅनडा. आपलं काय? तर चला अजिंठ्याला.

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ मध्ये. तिथे जॉन ग्रिफिथ्स नावाचे इंग्रज शिक्षक होते. १८७२ ते १८८५ या काळात, मध्ये काही खंड पडत, ते जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेत. पेस्तनजी बोमनजी, जे पुढे नावाजलेले चित्रकार झाले, ते या कामात होते.

आपण 'नक्कल' म्हटलं की नाक मुरडतो. पण कल्पना करा. अंधारी लेणी, वटवाघळं, भिंतीवरचा गिलावा ठिकठिकाणी पडलेला. तुम्ही एका बोटाची रेघ काढताय आणि मध्येच ते बोट संपतं, कारण तिथली भिंतच गेलीये. आता काय करायचं? बोट पुरं करायचं? की तुटलेलं आहे तसं ठेवायचं? मग हा डाग, हा मूळ रंग आहे की धूर आहे? प्रत्येक रेघेला निर्णय. हे संशोधनच झालं की! फक्त तेव्हा त्याला कुणी ते नाव दिलं नाही. १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड छापून आले आणि त्यांवर नाव ग्रिफिथ्स यांचं.

या नकलांचं नशीब मात्र वाईट. ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अजिंठ्यात वर्षानुवर्षं बसून मोठमोठ्या नकला केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सच्या चमूच्या कितीतरी नकलाही १८८५ मध्ये लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. जे उरलं ते आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आणि ते सोन्याच्या मोलाचं आहे, कारण त्यानंतर भिंतीवरचं जे काही झडलं ते त्या नकलांमध्ये अजून दिसतं.

आणि एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर वार्निश लावलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं, काळवंडलं आणि त्याने चित्रांचं नुकसानच झालं. ज्यांना चित्र वाचवायचं होतं त्यांच्याच हातून. म्हणून मी म्हणते, चित्र काढण्याबद्दल नुसतं भारावून बोलून चालत नाही. कसं काढलं, कशासाठी काढलं, काढताना काय बिघडलं, हेही बोललं पाहिजे.

आपल्या पेपरांची नावं आठवा

आता परत आपल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटकडे. महाराष्ट्रातली किती मुलं या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात, तुमच्यातलेही अर्धे बसले असतील. पेपरांची नावं आठवतायत? वस्तुचित्र. स्मरणचित्र. संकल्पचित्र. कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन.

आता आज आपण काय काय बोललो ते बघा. समोरची वस्तू बघून काढता का येत नाही, हा कोहेन-बेनेट यांचा प्रश्न. म्हणजे वस्तुचित्र! सायकल मनाने काढताना चेन कुठे जाते, हा लॉसन यांचा प्रश्न. म्हणजे स्मरणचित्र! जगभरातले संशोधक ज्या प्रश्नांवर डोकं लावतायत, तेच आपल्याकडे पेपरांची नावं म्हणून छापलेले आहेत. मुलं वर्षानुवर्षं तेच पेपर लिहितायत, म्हणजे काढतायत. आणि त्याचं पुढे काय होतं? ग्रेड लागते, दहावीला वाढीव गुण मिळतात, संपलं. एवढ्या मुलांनी काय बघितलं, कसं बघितलं, कुठे अडली, याबद्दल आपण बोलतच नाही.

गुण मिळू नयेत असं मी म्हणत नाहीये. गुणांमुळे कितीतरी मुलांच्या हातात ब्रश आला. पण फक्त गुणच उरले की काय होतं? गुण संपले की चित्र संपतं. आणि शाळेत वेळापत्रकातला कुठला तास कापायचा म्हटलं, की पहिला हात चित्रकलेवर पडतो. तेव्हा चित्रकला शिक्षकाने काय सांगायचं? 'मुलांना आनंद मिळतो'? त्याच्या हातात काहीतरी ठोस नको का?

मग करायचं काय?

यासाठी मोठं अनुदान येईपर्यंत थांबायला नको. मला सुचलेल्या चार साध्या गोष्टी सांगते.

पहिली. चित्रकला शिकवणारं कुणी ऐकत असेल तर, एका तासाला मुलांचे कागद बघू नका, माना बघा. वस्तुचित्र काढताना कोण किती वेळा वर बघतं, पाच मिनिटं मोजा. पुढच्या तासाला फक्त एवढंच सांगा, 'प्रत्येक रेघेआधी एकदा वर बघा.' आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. फरक पडला तरी लिहून ठेवा, नाही पडला तरी लिहून ठेवा. नाही पडला हेही उत्तरच आहे.

दुसरी. चित्र जपताना मागे चार ओळी लिहा. तारीख, मुलाचं वय, बघून काढलं की मनाने, किती वेळ लागला. आणि मुलाला विचारून, 'हे काय आहे?' याचं उत्तर त्याच्याच शब्दांत. मागे काहीच न लिहिलेलं चित्र छान दिसतं, पण दहा वर्षांनी ते काही सांगत नाही. आणि हो, मुलाची, पालकांची परवानगी घ्या. चित्र त्याचं आहे.

तिसरी. घरात बघा. आजीच्या, आत्याच्या जुन्या वहीत ठिपक्यांच्या रांगोळ्या असतील. पंधरा ते एक ठिपके, आणि त्या न बघता झरझर काढतात. त्या काय लक्षात ठेवतात? ठिपक्यांचे आकडे, की हाताची वळणं, की एक तुकडा आठवला की पुढचा आपोआप येतो? विचारा त्यांना. काढताना व्हिडिओ घ्या, पण चेहऱ्याचा नको, हाताचा. कुठली रेघ आधी, कुठली नंतर. हा विषय कुणीही एम. ए.च्या प्रबंधाला घ्यावा इतका मोठा आहे आणि आपण त्याला 'हौस' म्हणून सोडून दिलंय.

चौथी. मराठीत बोला. 'ड्रॉईंग' या एका शब्दात आपण रेखाटन, आकृती, नकाशा, आराखडा, नक्कल, रांगोळी सगळं कोंबतो आणि मग म्हणतो, ड्रॉईंग येत नाही. सुताराला फळीवर पेन्सिलने आराखडा काढता येतो, शिंप्याला कापडावर खडूने बाही काढता येते, शेतकरी धुळीत काडीने बांधाची आखणी काढून दाखवतो. ही सगळी माणसं विचारलं तर सांगतील, 'छे, आपल्याला चित्र नाही येत.' या माणसांकडे काय ज्ञान आहे हे त्यांच्याच भाषेत विचारल्याशिवाय कळणार नाही.

शेवटी परत त्या सायकलकडे. तुमचं चुकलेलं चित्र खोडू नका, फाडू नका. कोपऱ्यात आजची तारीख टाका, खाली लिहा 'मनाने'. मग खाली जा, एखाद्या खऱ्या सायकलसमोर बसा आणि शेजारी दुसरी सायकल काढा. प्रत्येक रेघेआधी एकदा वर बघून. खाली लिहा 'बघून'. या दोन चित्रांमध्ये जेवढा फरक दिसेल, तेवढं तुम्ही त्या पंधरा मिनिटांत शिकलात. दुसरं चित्र सुंदर नसेल, पण सायकल वळेल.

मीही काढणार आहे. सी ग्रेडवालीची सायकल कशी दिसते ते पुढच्या भागात सांगते. तोवर काळजी घ्या, आणि पेन सोबत ठेवा. भेटू!